सातव्या महिन्याआधी ये, पण दाखले त्याही आधी

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज दिवसभर तोच डोक्यात होता. नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी लागली आहे, तुला चौथा महिना आहे. सासर-माहेर दोन्हीकडचे म्हणतात, पहिलं बाळंतपण नाशिकलाच होऊ दे, बाळ सहा महिन्यांचं झालं की जा. नवरा म्हणतो, आत्ताच चल. आणि शेवटी तू विचारलंस की डोहाळजेवण, पाचवी, बारसं यातलं तिथे काय जमतं, की सगळंच सोडून द्यावं लागतं. व्हिसा, ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी माणसांना मिळणारा नोकरीचा परवाना), पगार, बालभत्ता हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित लिहिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. तू ताई म्हणालीस म्हणून जे तिथे सापडणार नाही ते लिहिते.

माझं मत: ये. सातवा लागायच्या आत ये.

कारण तुझा नवरा. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते, जावई बारशाला येतो, दोन दिवस राहतो आणि परत जातो. बाळ चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत त्याच्यासाठी ते फोनवरचं बाळ असतं. इथे नवरा प्रसूतीच्या खोलीत उशाशी उभा असतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या मुलीला पहिल्यांदा दुपट्यात गुंडाळून सुईणीने माझ्या नवऱ्याच्याच हातात दिलं. पहिल्या आठवड्यात लंगोट बदलणं, ढेकर काढणं, रात्री दोनला येरझाऱ्या घालणं, सगळं तो शिकला. सातारच्या वाड्यात वाढलेला, स्वतःचं ताटही न उचलणारा माणूस. लेकीचं आणि त्याचं आज जे आहे ते तिथून सुरू झालं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

विम्याचं एकच सांगते. नवऱ्याला सरकारी आणि खाजगी असा पर्याय मिळाला तर सरकारीच घ्यायला सांग. त्यात तू कमावत नसलीस तरी त्याच्या वर्गणीतच तुझा विमा होतो आणि आधीच दिवस गेलेत म्हणून कुणी अडवत नाही. खाजगीत तुझ्यासाठी वेगळा करार लागतो आणि गरोदर बाईला घ्यायला ते बांधील नसतात. आणि विमान कंपनीचे नियम आधी वाच, अठ्ठावीस आठवड्यांनंतर बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं पत्र मागतात.

आल्या आल्या, घर लागायच्याही आधी, सुईण शोध. इथे तिला हेबामे म्हणतात. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून, आणि पैसे विमा भरतो. पण म्युनिकमध्ये त्या कमी आणि बाळं जास्त. तुला चौथा आहे म्हणजे उशीरच झालाय. नाशिकहूनच ईमेल करायला लाग.

आमची हेबामे पहिल्या दिवशी आली तेव्हा आई दारातच उभी होती. आईला जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम. हेबामेने पिशवीतून दूध येण्यासाठीचा चहा काढला, आईने वास घेतला आणि आत जाऊन आपली पुरचुंडी घेऊन आली. बडीशेप, ओवा, बाळंतशेपा. तिच्या चहात बडीशेप आणि शहाजिरं. दोघींनी एकमेकींच्या पुड्या हुंगल्या आणि अशा हसल्या की मला खाटेवरून उठून बघावंसं वाटलं. तिने मला एक आठवडा खाटेत, एक आठवडा खाटेवर आणि एक आठवडा खाटेभोवती, असा हिशोब सांगितला. मी तो आईला मराठीत सांगितला तर आई म्हणाली, "मग सव्वा महिना म्हणाले तर मला कशाला जुनाट म्हणतेस?" शेगडी इथे शक्य नव्हती, तर हेबामेने चेरीच्या बिया भरलेली एक छोटी उशी दिली. ती गरम करून कंबरेखाली घ्यायची. आई जाताना तसल्या दोन उश्या घेऊन गेली.

पटलं नाही ते आंघोळीवरून. हेबामे म्हणे आठवड्यातून दोनदा पुरे. आई रोज तेल लावून, पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणार. एकदा हेबामे मुद्दाम त्या वेळेला आली आणि बाथरूमच्या उंबऱ्यात बसून सगळं पाहिलं. मुलगी न्हाऊन जी झोपली ती तीन तास. त्यानंतर तिने आंघोळीचा विषय काढला नाही. मधाच्या बाबतीत मात्र ती ठाम होती आणि ती बरोबर होती. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातल्या जिवाणूंनी बाळ दगावू शकतं. सोनं-मध चाटवण्याचा आग्रह धरणारं कुणी घरात असेल तर आधीच सांगून ठेव. काजळही नको.

धुरीचंही सांगते, कारण हे प्रत्येकीच्या घरी होतं. इथे झोपायच्या खोल्यांत छताला धुराचा गजर बसवलेला असतो. आईने ओवा-वावडिंगाची धुरी धरली आणि गजर असा वाजला की खालच्या मजल्यावरच्या आजी पाण्याची बादली घेऊन वर आल्या. आईने त्यांना बसवून डिंकाचा लाडू दिला. त्या आजींशी आमची ओळख अशी झाली. पुढे आई धुरी बाल्कनीत धरायची, दुपटी त्यावर शेकायची आणि ती गरम दुपटी आत आणायची.

आता तुझा मुख्य प्रश्न. सगळं जमतं, पण क्रम बदलावा लागतो. डोहाळजेवण मी केलं. पाच सवाष्णी जमल्या त्यात दोन मराठी, एक तमिळ, एक गुजराती आणि एक शेजारची तुर्की बाई. तिने ओटीतला नारळ दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. कुणी शिकवलं नव्हतं तिला. पेढा की बर्फी हा खेळ मात्र नीट खेळायचा असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग की मुलगा की मुलगी हे मला ऐकायचं नाही. इथे तीन महिने उलटल्यावर ते विचारतात आणि सहज सांगून टाकतात. तू जाणून घ्यायचं ठरवलंस तर तुझी मर्जी, पण भारतात फोनवर कुणालाही सांगू नकोस. आपल्याकडे 1994 साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला तो कशासाठी, हे तुला मी सांगायला नको. ज्या घरात मुलीच्या जन्माला एक मिनिटाची शांतता पसरते, ती शांतता तुला पाचव्या महिन्यापासून ऐकायची नाहीये.

बाळाच्या आधी बाळाच्या वस्तू घेऊ नयेत ही आपली रीत. गाडीतून बाळाला घरी न्यायचं तर त्याची वेगळी खुर्ची लागतेच, आणि ती काही प्रसूतीच्या दिवशी आणता येत नाही. सासूबाईंनी फोनवर विचार करून तोडगा दिला. खुर्ची घ्या, पण शेजाऱ्यांच्या घरी ठेवा, ती त्यांचीच समजा. मी बिचकत खालच्या आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर आहे, जन्माआधी अभिनंदनसुद्धा करायचं नसतं. त्यांच्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छाही आदल्या दिवशी देत नाहीत, अपशकुन मानतात. सासूबाईंना हे कळल्यावर जर्मनीबद्दलचं त्यांचं मत एका दिवसात बदललं.

बारसं बाराव्या दिवशी, आणि जन्माची नोंद आठवड्याच्या आत. दुसऱ्या दिवशीच नर्स कागद घेऊन येते, नाव लिहा म्हणते. तेव्हा घाबरू नकोस. नाव ठरलं नसेल तर ते महिन्याभरात कळवण्याची कायद्यात सोय आहे, फक्त तसं सांगावं लागतं. आम्ही सांगितलं. बाराव्या दिवशी जेवणाच्या टेबलाला साडीची झोळी बांधली, आईने आणि तमिळ मैत्रिणीने गोविंद घ्या कोणी गोपाळ घ्या केलं, आणि आत्याने साताऱ्याहून फोनवर कुर्र केलं. नवऱ्याने फोन बाळाच्या कानाशी धरला होता. देवाला ते पोचलं की नाही याची शंका मला कधी आली नाही.

आता जे लिहायला बसले ते. दाखले.

तुझा आणि नवऱ्याचा जन्मदाखला आजच्या आज काढून बघ. त्यावर तुमचं नाव आहे का? आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर आई-वडिलांचं नाव आहे, तारीख आहे, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. माझ्या नवऱ्याचा तसाच होता. भारतात त्याचं कुणाला काही वाटत नाही, शाळेचा दाखला चालतो. इथे नाही चालत. त्यात माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, लग्नाआधीच्या कागदांवर वडिलांचं नाव मधे, आडनावं दोन. जन्मनोंदणी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत का? लग्नानंतर मधलं नाव बदलतं हे मी तीन वेळा समजावलं. मग भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी करायचं ठरलं. त्याला महिने लागले. तोवर जी नोंद हातात मिळाली तिच्यावर शेरा होता, पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलीच्या कागदावर माझ्याबद्दल ते वाक्य होतं. त्या कार्यालयाला नियम होते हे मला कळतं. पण तो शेरा अजून टोचतो.

आणि ते तेवढ्यावर थांबलं नाही. दोघेही भारतीय आणि इथे नवीन असलो की बाळ भारतीयच. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करून पासपोर्ट काढायचा असतो, आणि त्यासाठी जन्माचा नीट दाखला लागतो. आमचा अडकलेला. आई तिचा मुक्काम संपवून परत गेली आणि पुढच्याच महिन्यात वडिलांचा आजार कळला. बाळाला पासपोर्ट नाही, अंगावर पिणारं बाळ टाकून जाता येत नाही. मी रोज त्या कार्यालयात फोन करायचे. वडिलांनी नातीला फोनवरच पाहिलं. पासपोर्ट आला तेव्हा ते नव्हते.

तो मुक्काम म्हणजे नव्वद दिवस. भेटीच्या व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांत तेवढेच मिळतात. त्यातले नव्वदच्या नव्वद दिवस आई माझ्यापाशी राहिली, वडिलांना दादाकडे ठेवून. तेच म्हणाले होते, जा, पोरीला गरज आहे. आईने याबद्दल मला आजवर एक अक्षर ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. रोज संध्याकाळी दिवा लावते तेव्हा त्यांचं नाव घेते. मागणं काही नसतं, फक्त सांगते की आज शाळेत अमुक झालं.

म्हणून तिकिटाआधी दाखले. नगरपालिकेत जाऊन नाव घालून घ्या, सगळीकडे स्पेलिंग एक करा, विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत काढा. आणि एजंट ऍपोस्टिलचे (कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लावतात त्या सरकारी शिक्क्याचे) पैसे मागेल, ते देऊ नकोस, भारतीय कागदांवरचं ऍपोस्टिल जर्मनी मानत नाही. भाषांतर इथल्या शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घे. आईचा व्हिसा तारखेच्या आठवडाभर आधीचा घे, महिनाभर आधीचा नको. दिवस बाळंतपणानंतर लागतात.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. पहिल्या डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो. बाळाला बाबागाडीत घालून रोज बाहेर पड, पाऊस असला तरी. जातो.

शाळेचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. बालवाडीतल्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं होतं की घरी मराठी बंद करा, मुलगी गोंधळते. आम्ही ऐकलं नाही. आता ती चौथीत आहे. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या गुणांची सरासरी काढतात. 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, नाहीतर दुसरी वाट. इथे एक गुण सर्वात चांगला, वाढत गेला की वाईट. दहा वर्षांच्या पोराचं आयुष्य दोन दशांशांवर तोलायचं, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. माझी लेक जर्मनमध्ये वर्गात पुढे आहे आणि आजीशी अर्धा तास मराठीत भांडू शकते. त्या बाईंना हे जाऊन सांगावं असं दरवर्षी मनात येतं. तुलाही कुणी तसं म्हणेल. ऐकू नकोस.

सासूबाईंना काय सांगायचं ते नवऱ्याला सांगू दे, तू मधे पडू नकोस. दोघांचे दाखले बघून कोरा रकाना आहे की नाही ते मला उद्या-परवा कळव. असेल तर कुठल्या क्रमाने जायचं ते सविस्तर लिहीन.