रीमॅप केल्यावर गाडीचं ॲव्हरेज वाढतं की घटतं?

रीमॅप म्हणजे गाडीच्या ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलणं. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेली गाडी असेल तर रीमॅपने ताकद खरंच वाढते, साधारण 20 टक्क्यांच्या आसपास, कारण ईसीयू टर्बोचं बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवतो. टर्बो नसलेल्या 1.2 लिटर पेट्रोलला मात्र फार तर चार-पाच घोडे (हॉर्सपॉवर) वाढतात. त्यावर मोठा सायलेन्सर लावलात तर आवाजच जास्त! ॲव्हरेज सगळं उजव्या पायावर. माझ्या भावाच्या डिझेलला एक्सप्रेसवेवर काही फरक पडला नाही, पण अंधेरी ते दहिसर रोजच्या ट्रॅफिकमध्ये 14चं 12वर आलं. सिग्नल सुटला की साहेब पाय दाबणारच. शिवाय इंजिनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि विमा कंपनीला न कळवता केलंत तर क्लेमही अडकू शकतो. रोजचं शहरातलंच रनिंग असेल तर आधी एअर फिल्टर बदला, टायरची हवा बघा.