रविवारचा खेळ रद्द करू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ज्यांच्या भुयारांच्या नकाशांवर तू जीव टाकतेस त्या जेनेल जेक्वेज १० जानेवारी २०२४ ला गेल्या. ती बातमी तुला मेसमध्ये जेवताना मोबाइलवर दिसली, ताट तसंच टाकून तू उठलीस, रूममेटने विचारलं, "ही तुझी कोण?" आणि तुला उत्तर देता आलं नाही. आईला फोन केलास तर ती म्हणाली, अमेरिकेतल्या कुठल्या बाईपायी उपाशी काय राहतेस. तुझ्या आईला मी कॉलेजपासून ओळखते, ती काळजीपोटी बोलली. तिच्याशी मी बघते काय ते. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस की या रविवारचं डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं सेशन रद्द केलं, ग्रुपवर तसं कळवलंसुद्धा, आणि आता "मन लागेपर्यंत" टेबल बंद. ते वाचलं आणि मी तशीच लिहायला बसले.

सेशन रद्द करू नकोस. आजच ग्रुपवर लिही की रविवारी चार वाजता जमायचं आहे.

ज्यांना कधी भेटलो नाही त्यांच्यासाठी रडू यावं का, या प्रश्नात मी शिरत नाही. तुला रडू आलं, यायलाच हवं होतं. जेक्वेज बाईंनी १९७६ मध्ये 'द डन्जनियर' हे नियतकालिक सुरू केलं तेव्हा त्या मिशिगनमध्ये कॉलेजात शिकत होत्या, तुझ्याच वयाच्या. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, हा आपला टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. लोक अजून नियमच समजून घेत होते आणि ही मुलगी इतरांना खेळता येतील अशी भुयारं काढून छापत होती. तीन वर्षांनी 'द केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' हे त्यांचं भुयारांचं पुस्तक आलं. तू ते मागच्या वर्षभर उशाशी ठेवलंयस हे मला माहीत आहे. अशी व्यक्ती गेल्यावर जेवण जात नाही, एवढं साधं आहे. मला राग आलाय तो सेशन रद्द केल्याचा.

आता २००८ चं सांगते, कारण तुझ्या जागी मी तेव्हा उभी होते. ठाण्यात पाचपाखाडीला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही दर शनिवारी बसायचो. ४ मार्चला अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावी या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स गेले. वय ६९. आपल्याकडे बातमी दुसऱ्या दिवशी कळली आणि दुपारपर्यंत फोन सुरू झाले की शनिवारी काय करायचं. शनिवारी सगळे आले खरे, पण फासे कोणी बाहेर काढेना. एक मित्र म्हणाला, आज नको, बरं दिसत नाही. मी म्हटलं, आजच खेळायचं. तो चिडला. "आपण काय बालगंधर्व लागून गेलोय का, प्रयोग रद्द न करायला? आपल्याला कोण तिकीट काढून बघायला बसलंय?"

त्याचा हा प्रश्न मी इतकी वर्षं मनात बाळगून आहे, कारण माझं म्हणणं त्यातच आहे. खरंच, आपल्याला कोणी तिकीट काढून बघायला येत नाही. नाटक मंडळीवर प्रेक्षकांचं ऋण असतं, थिएटरचं भाडं भरलेलं असतं, पडदा वर गेला नाही तर लोक जाब विचारतात. आपल्या टेबलाला जाब विचारणारं कोणी नाही. एक रविवार गेला तर कुणाला कळतही नाही. पुढच्या रविवारी कुणाची परीक्षा असते, त्याच्या पुढच्या रविवारी कुणाच्या बहिणीचा साखरपुडा, आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं की कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालत आलेली गोष्ट, संपलं, ते कोणी ठरवून संपवलेलं नाही. मी अशी कितीतरी टेबलं बघितली. भांडणाने मोडलेली त्यात फारच थोडी. बाकीची एका रद्द झालेल्या सेशनने मोडली. म्हणून रद्द करू नकोस.

आणि दुसरं. नाटक वाचता तरी येतं, चित्र भिंतीवर टांगता येतं. नियमांचं पुस्तक नुसतं वाचून काय होतं? या माणसांनी जे केलं ते चार जण टेबलाभोवती बसले आणि एकाने "दार उघडलं, आत काळोख आहे, काय करता?" असं विचारलं, तरच असतं. त्यांच्या जाण्याच्या दुःखात आपण तेच बंद करायचं? कसला दुखवटा म्हणायचा हा?

तो मित्र त्या रात्री उठून गेला. पुन्हा त्या टेबलावर आला नाही. आता तो न्यू जर्सीत असतो, दिवाळीला फोन येतो, मुलांची चौकशी होते, खेळाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. त्याची कॅरेक्टर शीट माझ्या फाइलीत आहे, हिट पॉइंट्सच्या, म्हणजे पात्राच्या उरलेल्या जिवाच्या, चौकोनात पेन्सिलीने इतकं खोडलंय की कागद विरलाय. याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं. पण ती रात्र पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करेन. आम्ही दोन वाजेपर्यंत खेळलो. मध्यरात्रीनंतर कधीतरी, कोणी न सांगता, एकेकाने आपल्या पहिल्या कॅरेक्टरची गोष्ट सांगायला सुरुवात केली, ते कसं मेलं ते सांगितलं, आणि तेव्हा कुठे आम्ही मोकळेपणाने रडलो. घरी एकेकटे बसलो असतो तर हे झालं नसतं. त्या गटातले काही जण मला अजून निष्ठुर म्हणतात. म्हणू देत. आम्ही गायगॅक्सना जितकं आठवलं तितकं त्या आठवड्यात मुंबई-ठाण्यात कोणी आठवलं असेल असं मला वाटत नाही.

तिकडे लेक जिनिव्हात काय झालं ते पुढे वाचनात आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. अंत्यविधीनंतर त्यांचे घरचे, जुने सोबती, लांबून आलेले चाहते गावातल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये जमले आणि टेबलं लावून खेळायला बसले. पुढच्या वर्षीपासून त्या जमण्याचं गॅरी कॉन हे खेळणाऱ्यांचं संमेलन झालं, आजही दरवर्षी भरतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते त्या दिवशी खेळले. खुद्द गायगॅक्स, तब्येत खालावलेली असतानाही, त्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत घरी दर आठवड्याला खेळ घेत होते. १९८५ मध्ये स्वतः उभ्या केलेल्या कंपनीच्या प्रमुखपदावरूनच त्यांना बाजूला व्हावं लागलं होतं. तरी खेळ थांबवला नाही.

आणखी मागे जा. १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालपणीचे मित्र डॉन के यांनी मिळून टीएसआर ही कंपनी काढली. गायगॅक्सची विम्यातली नोकरी आधीच गेली होती, घर चालवायला ते तळघरात बूट दुरुस्त करायचे. १९७४ च्या जानेवारीत डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं, हजार प्रती, तीन पुस्तिका, लाकडाच्या रंगाची खोकी, घरीच हाताने भरलेली. त्या संपायला जवळजवळ वर्ष लागलं. आणि १९७५ च्या जानेवारीत डॉन के हृदयविकाराने गेले, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांच्याच जेवणघरातून मालाची पाठवणी चालायची. त्या घरावर काय कोसळलं असेल याची कल्पना कर. तेव्हा "मन लागेपर्यंत" सगळं बंद ठेवलं असतं तर हजार खोक्यांवरच हा खेळ संपला असता, थ्रेशिया तुझ्या उशाशी आलं नसतं, आणि आज रडायला तुझ्याकडे कोणी नसतं.

तू आणखी एक विचारलंस, की या लोकांचे आपापसातले वाद वाचल्यापासून कुणाचं दुःख करावं तेच कळेनासं झालंय. याला मी फार वेळ देणार नाही. या खेळाचे दुसरे जनक डेव्ह आर्नेसन १९७२ च्या अखेरीला आपला ब्लॅकमूर हा खेळ घेऊन मिनेसोटाहून लेक जिनिव्हाला गेले, गायगॅक्सना एक रात्र खेळवलं, आणि त्या रात्रीतून डन्जन्स अँड ड्रॅगन्स निघालं. पुढे १९७९ मध्ये श्रेयावरून आणि मानधनावरून प्रकरण कोर्टात गेलं, १९८१ मध्ये तडजोड झाली. ७ एप्रिल २००९ ला आर्नेसनही गेले. त्या शनिवारीही आम्ही खेळलो. माणसं तोलत बसण्याची ही वेळ नव्हे. दोघांचं देणं आहे, ते मान्य कर, आणि फासे हातात घे.

आता जेक्वेज बाईंकडे येते, कारण तुला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं आहे आणि नेमकं काय ते सुचत नाहीये. तू लिहिलंस की श्रद्धांजलीचा मोठा लेख लिहायचा विचार आहे. लिही, पण नंतर. आधी नकाशा काढ.

नवा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, नकाशा काढतो तेव्हा दार, बोळ, खोली, बोळ, खोली, शेवटी राक्षस, असा काढतो. मीही वर्षानुवर्षं तसेच काढले. खेळणारे पुढे जातात, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. बाईंच्या नकाशात शिरायला एकाहून जास्त वाटा. बोळ फिरून पुन्हा पहिल्या खोलीशी येतात. एखादा जिना मधला मजला सोडून थेट खाली उतरतो. थ्रेशियाच्या अवशेषांत एका संस्कृतीच्या बांधकामावर दुसरीचं बांधकाम चढलेलं, त्यामुळे कुठल्या भिंतीमागे कोणत्या काळाची खोली असेल सांगता येत नाही, आणि आत राहणाऱ्या टोळ्यांची एकमेकांशी दुश्मनी. अशा ठिकाणी कुठून जायचं, कुणाशी लढायचं, कुणाशी बोलणी करायची हे खेळणारे ठरवतात, आणि डीएमलाही ठाऊक नसतं. पुढे व्हिडिओ गेमच्या धंद्यात जाऊन त्यांनी 'क्वेक' मालिकेसाठी लेव्हल्स केल्या, तिथेही जागा घडवण्याचंच काम.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्या टेबलाशी बसले होते, आठवतं? तू नकाशातल्या मागच्या अंगणात एक विहीर काढली होतीस, नुसती शोभेला असं तूच म्हणालीस. त्या चष्मेवाल्या मुलाने विचारलं, विहिरीला पाणी आहे का? तू फासा टाकलास आणि म्हणालीस, आटलीये. सगळे दोरीने खाली उतरले, आडव्या भुयारातून रांगत निघाले, आणि ज्या पहारेकऱ्यांना घाबरून ते अर्धा तास दारात खल करत होते त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या पाठीमागे निघाले. ती पोरं उठून उभी राहिली. तुझ्या कागदावर ते भुयार नव्हतं, ते तू तिथल्या तिथे काढलंस, आणि मग पेन्सिल खाली ठेवून नुसती बघत राहिलीस. तो तुझा चेहरा मी विसरणार नाही. तेव्हा तू थ्रेशिया वाचत होतीस. ती विहीर तुला कुठून सुचली हे तुला वेगळं सांगायला नको.

हे तुझ्याकडून रविवारी व्हायला हवं. लेखाने होणार नाही. लेख लोक वाचतील, दोन शब्द लिहितील आणि पुढे जातील. विहिरीतून वर आलेली पोरं वर्षभर तीच गोष्ट सांगत फिरतील.

मी गायगॅक्सना एक प्रश्न विचारणार होते. शेवटच्या काही वर्षांत ते इंटरनेटवर चाहत्यांना उत्तरं द्यायचे, अगदी बारीकसारीक शंकांनाही, न कंटाळता. माझा प्रश्न लिहून तयार होता. ऑफिस, घर, सासूबाईंचं आजारपण, आणि मार्च उजाडला. त्या प्रश्नाचं आता काही करता येत नाही, आणि ते मला फार लागून राहिलंय. म्हणूनच तुझ्यावर इतकी चिडतेय. जे करता येणार नाही त्याच्यावर तू रडलीस ते ठीक. पण रविवार तर तुझ्या हातात आहे ना गं? हातातलं का सोडतेस?

तर ऐक. ग्रुपवर आज रात्रीच लिही. ज्यांना नाही जमणार ते न येवोत, दोघं आले तरी खेळ घे. सुरुवातीला दोन मिनिटं बाईंबद्दल सांग, जेनेल जेक्वेज हे नाव स्पष्ट घे. जुन्या प्रतींवर आधीचं नाव छापलेलं आहे, कोणी विचारलं तर सांग की २०११ मध्ये त्यांनी आपण ट्रान्स स्त्री असल्याचं जाहीर केलं, हेच त्यांचं नाव. त्यांना गीयां-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार झाला तेव्हा चाहत्यांनी उपचारांसाठी पैसे उभे केले, तेही सांग, म्हणजे त्या पोरांना कळेल की असं वाटणारी तू एकटी नाहीस. मग लगेच विचार, काय करता? रडू आलं तर खेळताना येऊ दे. माझ्या टेबलावर कोणी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, तुझ्याही म्हणणार नाही.

नकाशा नवीन काढ, जुना चालणार नाही. निदान तीन वाटा आत जायला, त्यातली एक न सांगता सापडणारी. एक जिना मजला गाळणारा. दोन टोळ्या, एकमेकींवर खार खाणाऱ्या. शनिवारी रात्री दहाच्या आत फोटो काढून मला पाठव. मी एकेक बोळ बोटाने चालून बघणार आहे आणि कुठे सरळ रेघ सापडली तर परत पाठवणार आहे. आणि जेवून घे.

तुझी,
मावशी