अमेरिकेतल्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक वाढवणं म्हणजे गुणवत्ता डावलणं नाही का?

तुम्ही मुलीला घेऊन अटलांटाला येताय आणि विचारताय, की शिक्षक चांगला शिकवतो ना, मग त्याचा रंग कशाला बघायचा? मी याच भागातल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते, म्हणून उत्तर देते.

असं काही ऐकलं की आपल्या डोक्यात आधी आरक्षण येतं. इथे तसं नाही. शिक्षकांच्या जागा राखीव नसतात, उलट वंश बघून नोकरी देणं-नाकारणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बेकायदा आहे. धडपड चालते ती नेमणुकीच्या अलीकडे: शिष्यवृत्त्या, शैक्षणिक कर्जात सूट, शाळेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांना शिक्षणाची पदवी घेता यावी म्हणून पैसे. परीक्षा, परवाना सगळ्यांना सारखाच.

आता गुणवत्तेचं. १९५४ साली ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल आपल्याला ठाऊक असतो, पण त्यानंतर काय झालं हे फारसं कोणी सांगत नाही. मुलं एकत्र आली तेव्हा काळ्यांच्या शाळा बंद झाल्या, गोऱ्यांच्या राहिल्या, आणि बंद झालेल्या शाळांचे शिक्षक घरी बसले. दक्षिणेकडच्या आणि उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरच्या राज्यांत १९६५ पर्यंत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे. ज्या टोपेका शहरातून हा खटला आला, तिथल्या सरकारी शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्याने तर निकालाच्या वर्षभर आधीच कृष्णवर्णीय शिक्षिकांना पत्रं धाडली होती: वेगळ्या शाळा बंद झाल्या, तर गोऱ्या मुलांना तुम्ही शिकवलेलं लोकांना चालणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षी नोकरी धरून चालू नका.

आणि हे शिक्षक कमी शिकलेले नव्हते. दक्षिणेतली राज्यं त्यांना आपल्या विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला घ्यायला तयार नसत, म्हणून बाहेरच्या राज्यात शिकायला पैसे देत. ब्याद टळावी एवढाच हेतू. त्यामुळे कित्येक जण न्यूयॉर्कच्या कोलंबियासारख्या विद्यापीठांतून एम.ए. होऊन परतले आणि खेड्यातल्या शाळेत शिकवू लागले. काढलं गेलं ते अशांना. गुणवत्ता डावलली गेली होती, पण तेव्हा. आज देशातल्या सरकारी शाळांत शंभरातले साधारण ८० शिक्षक गोरे आणि ६ कृष्णवर्णीय आहेत. विद्यार्थ्यांत मात्र गोरे निम्म्याहून कमी आणि कृष्णवर्णीय १५ टक्क्यांच्या आसपास. हे आपोआप झालेलं नाही.

फरक पडतो का? टेनेसीत १९८० च्या दशकात वर्गाच्या आकाराचा एक मोठा प्रयोग झाला होता. त्यात मुलं आणि शिक्षक कोणत्या वर्गात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे हुशार मुलं एकाच वर्गात गोळा झाली असं म्हणायला जागा नाही. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा माग काढला. तिसरीपर्यंत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला असेल, तर कृष्णवर्णीय मुलं कॉलेजात जाण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी जास्त निघालं. दुसऱ्या एका अभ्यासात एकाच विद्यार्थ्याबद्दल दोन शिक्षकांना विचारलं होतं, हा पदवीपर्यंत जाईल का? विद्यार्थी कृष्णवर्णीय असला की त्याच्या वंशाबाहेरच्या शिक्षकाची अपेक्षा कमी असायची. मूल तेच, मत वेगळं. स्टाफरूममध्ये बसणाऱ्या कोणालाही याचं नवल वाटू नये.

आपल्याकडच्या वाचकांना तर हा मुद्दा जुनाच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात महात्मा फुल्यांनी हेच मांडलं होतं: प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा, ते पोरांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, सोवळं पाळून लांब राहणाऱ्या ब्राह्मण पंतोजीला ते जमत नाही.

माझ्या मते खरी गळती मात्र भरतीनंतर लागते. शाळेत एकुलता एक कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक असला, की दंगा करणारं प्रत्येक कृष्णवर्णीय पोर त्याच्याकडे पाठवलं जातं. विज्ञान शिकवायला आलेला माणूस दिवसभर हवालदारी करतो, तीही फुकट, आणि काही वर्षांत सोडून जातो. त्यातच २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय शिक्षण विभागाने शिक्षक-प्रशिक्षणाची सुमारे ६० कोटी डॉलरची अनुदानं रद्द केल्याचं जाहीर केलं. म्हणजे मुळावरच घाव.

तुमच्या मुलीचं काय? तिचं नुकसान काहीच नाही. शिक्षकांबद्दल मुलांची मतं घेतलेल्या एका मोठ्या पाहणीत गोऱ्या नसलेल्या शिक्षकांना सगळ्याच वंशांच्या मुलांनी चांगले गुण दिले होते. शाळा बघायला जाल तेव्हा शिक्षकांचे रंग मोजत बसू नका. दरवर्षी किती शिक्षक सोडून जातात आणि वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गात कोणकोणत्या वंशांची मुलं बसतात, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नावर मुख्याध्यापक घुटमळले, तर दुसरी शाळा बघा.