सांगली आणि मिरज : महापालिका एक, गावं दोन

तुमचा प्रश्न असा आहे की तुमचं शहर आणि शेजारचं मोठं शहर मिळून एकच महापालिका करायचं घाटतंय, त्यानं दोन्ही गावांतली जुनी चढाओढ मिटेल का, आणि सांगली-मिरजेत नेमकं काय झालं. माझं माहेर मिरजेत लक्ष्मी मार्केटजवळ, सासर सांगलीच्या गावभागात, आणि गेली अठरा वर्षं आम्ही राहतो विश्रामबागेत, म्हणजे दोन्हीच्या मधोमध. या विषयावर आमच्या घरात जेवताना जितकं बोलणं झालंय तितकं दुसऱ्या कशावर झालं नसेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चढाओढ मिटत नाही. तिचं रूप बदलतं. दोन नगरपालिका वेगळ्या असतात तेव्हा प्रत्येक गाव म्हणतं, "आम्ही तुमच्यापेक्षा चांगलं करून दाखवतो." तिजोरी एक झाली की तेच गाव म्हणायला लागतं, "आमच्या वाटणीचं तुम्ही नेलंत." पहिल्या भांडणातून काहीतरी उभं राहायचं. दुसऱ्यातून नुसता हिशेब मागितला जातो, आणि तो हिशेब कुणाकडे धड मांडलेला नसतो.

मुळात सांगली उभी राहिली तीच मिरजेतल्या भाऊबंदकीतून. मिरजेची जहागीर पटवर्धनांची. चिंतामणराव आप्पासाहेब लहान होते तोवर कारभार काका गंगाधरराव बघत होते. पुतण्या कर्ता झाल्यावर दोघांचं पटेना, वाटण्या झाल्या, आणि १८०१ साली चिंतामणरावांनी मिरज सोडून कृष्णाकाठच्या सांगलीत राजधानी केली. गणेशदुर्ग हा किल्ला बांधला, गणपतीचं देऊळ उभारलं, पेठा वसवल्या. त्याआधी सांगली म्हणजे एक लहानसं गाव होतं आणि मिरज म्हणजे किल्ला, ठाणं, दर्गा असलेलं नामांकित शहर. त्यामुळे जुना मिरजकर अजूनही सांगलीकडे धाकट्या भावाकडे बघावं तसं बघतो. धाकट्यानं घर मोठं बांधलं ही सल वेगळीच.

१९४८ ला संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, मुख्यालय सांगलीत आलं, आणि १९६० पासून जिल्ह्याचं नावही सांगली झालं. तालुका मात्र मिरजच राहिला. सासऱ्यांच्या गावभागातल्या घराचा उतारा काढला की त्यावर 'तालुका मिरज, जिल्हा सांगली' असं असतं. माझ्या आईला तो कागद फार आवडायचा. सासरे सांगलीचं कौतुक सांगायला लागले की ती हसत म्हणायची, "व्याहीबुवा, आधी तालुका वाचा."

आता दोन्ही गावांनी या चुरशीत काय काय कमावलं ते बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत संस्थानिकांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, म्हणून सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. बालगंधर्व रंगभूमीवर पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत, १९०५ ला, किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त. मिरजेत १८९४ ला डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि त्याच्या भोवती एक गावच दवाखान्यांचं झालं. आजही बेळगाव, विजापूरकडून माणसं पहाटेच्या गाडीनं उतरतात, हातात एक्स-रेचं पाकीट आणि कापडी पिशवीत डबा. सांगलीनं बाजारपेठ धरली. हळद, गूळ, बेदाणा. हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी घराणी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि त्यांचे वंशज आजही तिथं बसून तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे तारांचा नाद खुलवतात. पंढरपूरकडून आलेले भोपळे दाराशी वाळत ठेवलेले असतात. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, काणस एकदा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायची. शाळेतून येताना मी तासन् तास ते बघत उभी राहिले आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ ला. यातलं काहीही महापालिकेनं केलेलं नाही. ही दोन वेगळ्या गावांची, दोन वेगळ्या स्वभावांची कमाई आहे.

रेल्वेचंही तसंच. मिरज जंक्शनातून पुणे, बेळगाव, कोल्हापूर आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चारी दिशांना गाड्या जातात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतूनच, कृष्णेचं पाणी भरून. त्या एप्रिलात माझा भाऊ रोज संध्याकाळी स्टेशनावर वाघिणी भरताना बघायला जायचा, आणि घरी येऊन सांगायचा तेव्हा त्याचा आवाज बदललेला असायचा. सांगलीकरांचं म्हणणं असं की जिल्ह्याचं ठिकाण आम्ही, मग गाडी आमच्याकडे का थांबत नाही. तेही खरंच आहे. आता पुणे-हुबळी वंदे भारत दोन्हीकडे थांबते. जेमतेम दहा किलोमीटरच्या आत दोन थांबे. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, आम्हा दोन्हीकडच्यांना न्याय वाटतो.

९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड अशी मिळून महापालिका झाली. कारण समजण्यासारखं होतं. तिन्ही गावं वाढत वाढत एकमेकांना भिडली होती, पाणी एकाच नदीचं, वेगवेगळ्या नगरपालिकांपेक्षा महापालिकेला मोठ्या योजना आणि निधी मिळवणं सोपं. २०११ च्या जनगणनेत तिन्ही मिळून पाच लाखांच्या थोडी वर लोकसंख्या भरली. एकेकट्यानं यातलं कुणीच त्या आकड्याजवळ गेलं नसतं. म्हणजे एकत्र येणं चूक होतं असं मी म्हणत नाही.

चूक दुसरीकडे झाली. मुख्यालय सांगलीत, मिरजेकडे विभागीय कार्यालय. ज्या मिरजेनं पिढ्यान् पिढ्या आपल्या नगरपालिकेत जाऊन आपल्या माणसाला जाब विचारला, त्या मिरजेला वाटायला लागलं की आपलं घर आता दुसऱ्याच्या किल्लीनं उघडतं. महापौर कोण झाला यापेक्षा तो कुठला झाला ही चर्चा मोठी. एखादा रस्ता सांगलीत झाला की मिरजेत विचारणा, मिरजेत काही मंजूर झालं की सांगलीत कुरकुर. आणि कुपवाड? दोन थोरल्यांच्या भांडणात तिसऱ्या धाकट्याचं होतं तेच. कुपवाडला औद्योगिक वसाहत आहे, हजारो कामगार राहतात, पण ड्रेनेजसाठी तिथल्या लोकांनी किती वाट बघितली ते तिथं जाऊनच ऐका. तुमचं शहर या तिघांपैकी कोणत्या जागी आहे हे आधी प्रामाणिकपणे ठरवा. तुम्ही मिरज असाल तर निदान तुमचा आवाज आहे. कुपवाड असाल तर जास्त सावध राहा.

एक गोष्ट मात्र कुणी ठरवलेली नव्हती. वाढ झाली ती ना जुन्या सांगलीत, ना जुन्या मिरजेत. झाली मधल्या पट्ट्यात. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चं, वालचंद अभियांत्रिकी १९४७ चं, दोन्ही विश्रामबागेत, तेव्हा तिथं माळ होता. पुढे वसाहती आल्या, मोठी दुकानं आली, जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेलं. सांगलीच्या गावभागातली, खणभागातली माणसं पुराला कंटाळून इकडे सरकली, मिरजेतली पार्किंगला आणि दाटीला कंटाळून. माझ्या मुलीला कुणी विचारलं "तू कुठली?" तर ती "विश्रामबाग" म्हणते. तिच्या दोन्ही आज्यांना त्याचं सारखंच वाईट वाटायचं. मला त्यातली काळजी अशी की पैसा, लोकवस्ती आणि लक्ष सगळं मधे आलं आणि दोन्ही जुनी गावं, ज्यांच्या नावावर हे सगळं चालतं, ती मागे पडली. मिरजेचा किल्ला बघा, सांगलीच्या पेठा बघा.

आता नदीकडे येते, कारण सगळ्यात जास्त मला त्याविषयी सांगायचंय.

कृष्णा आधी सांगलीला येते, मग हरिपूरला वारणा मिळते, आणि मग ती मिरजेच्या कृष्णाघाटाकडे जाते. म्हणजे सांगली जे नदीत सोडेल ते खाली मिरजेच्या दारातून जाणार. सांगलीचा शेरीनाला हा आमच्याकडचा जुना, सगळ्यांना पाठ असलेला प्रश्न आहे. सांडपाणी नाल्यातून नदीत. ते उचलून धुळगावकडे शेतीला द्यायची योजना झाली, तरी नाल्याचा विषय दर काही महिन्यांनी वर येतोच. दोन नगरपालिका वेगळ्या होत्या तेव्हा हे वरच्यानं खालच्याला दिलेलं दुखणं होतं. महापालिका एक झाल्यावर ते एकाच घरातलं दुखणं झालं, आणि एकत्र येण्याचा खरा फायदा इथंच घेता आला असता. नदीला हद्द नसते. पाणी, सांडपाणी, पूर या तीन गोष्टी दोन शहरांनी वेगवेगळ्या करायच्याच नसतात. आमच्याकडे मात्र भांडण झालं दिव्यांवरून आणि चौकांच्या सुशोभीकरणावरून.

२०१९ चा ऑगस्ट मी विसरणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. सांगलीत पावसाळ्यात कुणीही कुणाला फोन केला की पहिला प्रश्न "किती फूट?" असतो, तब्येत नंतर. त्या वर्षी आकडा चढतच गेला, ५७ च्या पुढे. सासरे गावभागातलं घर सोडायला तयार नव्हते. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ त्यांनी जिन्याच्या भिंतीवर तेलरंगानं मारून ठेवली होती आणि त्या रेघेवर त्यांचा विश्वास होता. पाणी रेघेला लागलं, मग रेघ बुडाली. बोटीतून काढलं त्यांना. विश्रामबागेतलं आमचं घर तोवर नातेवाइकांनी भरलं होतं, म्हणून त्यांना आणि सासूबाईंना मिरजेला आईकडे नेलं. अकरा दिवस राहिले. आईनं त्यांना एकदाही तालुक्याची आठवण करून दिली नाही. गल्लीतल्या पोरांनी रोज सकाळी तवे पेटवून चपात्या केल्या आणि टेम्पोनं सांगलीला नेल्या. दर्ग्याजवळ पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागले होते. कोण सांगलीचं, कोण मिरजेचं हे त्या दिवसांत कुणी विचारलं नाही, आणि मला वाटतं ते खरं नातं तेवढंच आहे. बाकीचं सगळं कारभाराच्या मांडणीतून आलेलं आहे.

मांडणी बदलली तर चुरस चांगल्या कामाला लावता येते, हे मी मनापासून मानते. आमच्यापासून फार लांब नाही, हुबळी-धारवाड बघा. १९६२ ला दोन्ही शहरं एका महापालिकेत घातली. साठेक वर्षं धारवाडचे लोक म्हणत राहिले की सगळं हुबळीला जातं, आणि अखेर २०२५ च्या जानेवारीत कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं धारवाडला वेगळ्या महापालिकेची मंजुरी दिली. साठ वर्षांत जे दुखणं विरघळलं नाही ते तुमच्याकडे पाच-दहा वर्षांत विरघळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तुमच्याकडे अजून प्रारूप अधिसूचना, म्हणजे सरकारचा कच्चा मसुदा, आणि हरकती-सूचनांचा टप्पा यायचा असेल, तर तो फुकट घालवू नका. "आमची अस्मिता" एवढंच लिहून दिलेली हरकत फायलीत जाते. नेमकं लिहा. तुमच्या शहरातून गोळा होणारी घरपट्टी आणि पाणीपट्टी किती आणि त्यातला खर्च तुमच्याकडे किती, याचा वेगळा तक्ता दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर छापून द्यावा, असं मागा. प्रभाग समितीला फक्त ठराव करायचा नव्हे, ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचाही अधिकार हवा, असं मागा. जन्म-मृत्यूचा दाखला, घरपट्टी, नळाची तक्रार यासाठी कुणालाही दुसऱ्या गावात जावं लागू नये, आणि तिथं बसणाऱ्या अधिकाऱ्याला निर्णयाचा अधिकार असावा. पाणी आणि ड्रेनेजचा आराखडा दोन्ही शहरांचा एकच असावा, तोही नदीच्या वरच्या टोकापासून. आणि तुमच्यात एखादं कुपवाड असेल तर त्याचं नाव महापालिकेच्या नावात येतंय यावर समाधान मानू नका, त्याच्या ड्रेनेजची मुदत कागदावर घ्या.

हरकत देताना पोच घ्या, आणि ती जपून ठेवा.