लाइन भरलेली असताना मोजा

प्रश्न : आमच्या दोन कार्यालयांमध्ये १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे. स्पीड टेस्टला ९४ मिळतात. पण शाखेतून मुख्य कार्यालयाकडे बॅकअप सुरू झाला की फोनवर आवाज तुटतो, रिमोट डेस्कटॉपवर टाइप केलेले अक्षर उशिरा उमटते. सेवा देणारी कंपनी म्हणते, लाइन पूर्ण मिळते आहे. आता तपासायचे काय?

उत्तर : ९४ या आकड्यावरून कंपनीशी भांडू नका, तो बरोबर आहे. इथरनेटची पूर्ण भरलेली एक फ्रेम, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, तारेवर १५३८ बाइट जागा घेते आणि त्यात तुमचा खरा डेटा साधारण १४४८ बाइट असतो. बाकी सगळे हेडर (पत्त्यासारखी माहिती) आणि दोन फ्रेममधले अंतर. म्हणजे १०० च्या लाइनवर टीसीपीला, म्हणजे पोच घेत डेटा पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीला, ९४ च्या आसपासच मिळणार.

तुमचा त्रास वेगाचा नाहीच, रांगेचा आहे. फोनच्या एका कॉलला हेडरसकट १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. पण बॅकअपने लाइन भरली की कॉलचे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवण्याच्या जागेत, बॅकअपच्या पॅकेटांमागे उभे राहते. हिशेब करून पाहा : बफर अडीच एमबीचा असेल तर १०० एमबीपीएसने तो रिकामा व्हायला २०० मिलिसेकंद लागतात. संभाषणासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. एका रांगेतच ती मर्यादा ओलांडली गेली. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात आणि स्पीड टेस्टचा मोठा आकडा ते बेमालूम झाकतो. मला या आकड्याचा राग येतो तो म्हणूनच.

चाचणी अशी करा. दोन्ही टोकांना एकेक संगणक केबलने जोडा, वायफाय नको. दोन्हींवर आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम टाका, मुख्य कार्यालयातला सर्व्हर मोडमध्ये. शाखेच्या संगणकावर दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडा. पहिल्या खिडकीत पलीकडच्या टोकाला पिंग लावा (पॅकेट जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते तो दाखवतो) आणि अर्धा मिनिट नुसते पाहा : ८, ९, ८, ८ असे काहीतरी येईल. पिंग चालूच ठेवून दुसऱ्या खिडकीत आयपर्फ सुरू करा. वेळ ६० सेकंद द्या. काही सांगितले नाही तर तो १० सेकंदांतच थांबतो आणि तेवढ्यात नीट काही कळत नाही. आता नजर पहिल्या खिडकीवर ठेवा. ८ चे ४०, मग ११०, मग १९० होत गेले, तर चोर सापडला.

एक प्रवाह पुरत नसेल तर चार समांतर लावा. टीसीपीची विंडो, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा, ६४ केबीवर अडकली असेल आणि जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागत असतील, तर एका प्रवाहाला १३ एमबीपीएसच मिळतात. मग लाइन भरतच नाही आणि चाचणी फुकट जाते. यूडीपीने (पोच न घेता पाठवण्याच्या पद्धतीने) मोजणार असाल तर वेग स्वतः द्या, कारण न दिल्यास आयपर्फ १ एमबीपीएसनेच पाठवतो. तो आकडा बघून लाइनला दोष देणारे मला नेहमी भेटतात.

उलटी दिशाही तपासा, त्यासाठी आयपर्फमध्ये वेगळा पर्याय आहे. तुमचा बॅकअप शाखेकडून जातो, म्हणून मला शाखेच्या राउटरचा संशय आहे. चाचणीने लाइन खरोखर भरते, तेव्हा आधी सगळ्यांना कल्पना द्या.

पिंग वाढलाच तर शाखेच्या राउटरवर बाहेर जाणारा वेग ९० एमबीपीएसला बांधा आणि एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय सुरू करा. एफक्यू-कोडेल २०१८ पासून आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेले आहे. रांग आता तुमच्या ताब्यातल्या राउटरवर येईल आणि कॉलच्या पॅकेटला बॅकअपमागे ताटकळावे लागणार नाही. हीच चाचणी पुन्हा करा. आयपर्फचा आकडा थोडा खाली येईल, पिंग मात्र भरल्या लाइनवरही जागेवर राहायला हवा.

सुरुवातीच्या चाचणीतच पिंग वाढला नाही, पण भरल्या लाइनवर पॅकेट गळू लागले, तर गोष्ट वेगळी. मग जास्तीची पॅकेट वाटेत कुठेतरी रांगेत न लावता थेट टाकली जात असावीत. अशा वेळी पिंगच्या खिडकीचा आणि आयपर्फमधल्या रिट्रान्समिटच्या (पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांच्या) रकान्याचा फोटो कंपनीला पाठवा आणि एकच विचारा : ठरलेल्या वेगापुढची पॅकेट तुम्ही थोपवता की टाकता?