विषय एकमेकांत मिसळून शिकवले तर बोर्डाचे मार्क जातात का?

लिबरल आर्ट्स पद्धतीने, म्हणजे इतिहास, गणित, भाषा एकत्र गुंफून, नववी-दहावीला शिकवलं तर मुलं बोर्डात मागे पडतील का, असं तुम्ही विचारलंय. बावीस वर्षं इतिहास शिकवतेय. माझ्याकडे तरी पडली नाहीत.

नववीला १८७५ चे दख्खनचे दंगे शिकवत होते. १२ मे, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजार, शेतकऱ्यांनी सावकारांची खतं म्हणजे कर्जाचे कागद जाळले, एवढं पाठ केलं की मुलं मोकळी. सुपे आमच्यापासून तासाभरावर, तरी कुणाला त्याचं काही नाही. मी फळ्यावर १०० रुपये कर्ज मांडलं, व्याज हिशेबापुरतं महिना शेकडा दोन धरलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीनच वर्षं चालायचं. कायदा कुळाच्या, म्हणजे कर्ज घेणाऱ्याच्या भल्यासाठी, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायचा. तीन वर्षांनी १७२. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९, आणि कुळाच्या हातात मधे एक नवा पैसा पडलेला नाही. गणितात कायम काठावर पास होणाऱ्या एका मुलीने शेवटची ओळ स्वतः येऊन सोडवली. खडू हातात तसाच धरून म्हणाली, “बाई, म्हणून कागदं जाळली होय!”

तिथून वर्ग अमेरिकेत गेला. १८६१ ला तिथे यादवी युद्ध पेटलं तसा इथल्या कापसाला भाव आला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज राहिलं. त्यात सरकारने शेतसारा वाढवलेला. अर्थशास्त्र, भूगोल, कायदा, सगळं एका तासात.

मागच्या बाकावर बसून मुख्याध्यापकांनी पाठ पाहिला आणि शेरा लिहिला: ‘विषयांतर होते.’ तो शेरा मला आजही मान्य नाही. चक्रवाढ व्याज न कळता दंगा शिकवणं म्हणजे नुसत्या तारखा घोकून घेणं. ‘पोर्शन कसा संपणार’ असं कुणी विचारलं, तर त्यांना सांगा, माझा त्या वर्षी जानेवारीतच संपला होता.

बीजगणिताचा सराव मात्र वेगळा घ्यावाच लागतो, तो इतिहासाच्या तासाला होत नाही. आणि साठ मुलांच्या वर्गात असे तास वर्षाला चार-पाचच जमतात. तेवढे घ्याच, शेरा काय पडायचा तो पडू दे.