अस्वलासाठी बंदूक कुठली?

प्रश्न : मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत मोंटानात आहे, ग्रिझली अस्वलांच्या जंगलात ट्रेकला जायचंय म्हणे. .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्यावी की १० एमएम पिस्तूल? (एक आई, ऐरोली)

उत्तर : ताई, आधी व्हिसा बघा, एच-१बीवाल्याला तिकडे बंदूक बाळगायला सहसा बंदीच आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. शिवाय गोळी झाडताना मॅग्नमचा हाताला बसणारा धक्का जबरदस्त, १० एमएममध्ये गोळ्या जास्त मावतात, पण अंगावर धावून येणाऱ्या अस्वलावर नेम लागायला नेमबाजीच्या रेंजवर भरपूर घाम गाळलेला हवा, तो त्याने गाळलाय का? त्यापेक्षा अस्वलावर मारायचा बेअर स्प्रे घेऊ दे, २५-३० फुटांपर्यंत मिरचीचा ढगच उठतो. डबा सॅकच्या तळाशी नको हां, कमरेला, आणि अंगठ्याने सेफ्टी क्लिप काढायची सवय आधीच करायची. विमानात चालत नाही, तिथेच घ्यायचा.